ज्याची त्याची ओळ

२२ मार्च, रविवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी मजेत. गुडघे कुरकुरतात, पण तेवढं कौतुक त्यांनाही हवंच. तू आता जिना चढतेस हे वाचून फार बरं वाटलं. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. माणूस सज्जन आहे, श्रेय त्यांनाच दे.

काल लसूण काढला. मागच्या दारचा वाफा तुला आठवतोच: नळाकडची आईची ओळ, मधली माझी, भिंतीकडची तुझी. आईचा एककळी, माझा मऊ देठाचा पांढरा, तुझा जांभळा, तुझ्यासारखाच ताठ मानेचा. ज्याची ओळ त्यानेच लावायची, हा आईचा नियम. तू लांब गेल्यापासून तुझीही मीच लावते. आईची ओळ ज्या वर्षी उगवली नाही, त्या वर्षी लसूण काढायला ती नव्हती. बियाणं किडकं असेल, असं आपण तेव्हा म्हणालो.

यंदा तुझी ओळ उगवली नाही.

तुला कळवलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणून नुसतं पाणी घालत राहिले. मग तुझ्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, हिचा ताप उतरतच नाहीये. काही सुचत नाही." फोन ठेवला आणि तुझी ओळ उकरली. आत एकही पाकळी नव्हती, कुजलेलीसुद्धा नाही. मग माझी सगळी रोपं मातीसकट उचलली आणि तुझ्या ओळीत लावली.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अहो, लसूण असा हलवतात का कधी? जगायचा नाही तो."

दुसऱ्या दिवशी पात ताठ उभी होती. संध्याकाळी तुझा ताप उतरल्याचं कळलं.

हसू नकोस. नाहीतर हस, त्यासाठीच तर केलं.

तुझ्या ओळीत पांढरे गड्डे मुठीएवढे निघाले. माझी मोकळी ओळ सारखी करावी म्हणून सहज खुरपं घातलं, तर खाली एककळी. गोल, गुळगुळीत, ओळभर. वर पातीचा मागमूस नव्हता. आईचं बियाणं तर तिच्यामागे आपण ठेवलंच नव्हतं. घाबरले गं, खोटं कशाला सांगू? मग तिथेच बसून आईशी थोडं भांडले. तेव्हा बरं वाटलं.

पांढऱ्याची वेणी घालून पाठवते आहे. सगळा संपवू नकोस, जाड गड्डे बियाण्याला ठेव. पुढच्या खेपेस तुझी ओळ तूच येऊन लाव. मधल्या ओळीत मात्र काही लावू नकोस. तिथे आई माझ्यासाठी जागा धरून बसली आहे.

अजून तरी तुझीच,
ताई