पाठवणीचा पीस

बाबा, ताईच्या लग्नाच्या पत्रिका उरल्यात. त्यातल्या एकीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितेय, जागा संपली की दुसरी घेईन. परवा लग्न आहे. बाहेर मंडपवाले बांबू टाकतायत आणि आई त्यांना सारखी सांगतेय, तुळशीकडून जावा रे, तुळस वाचवून. तू गेलास त्याला आठ वर्षं होत आली. तू ताईला शब्द दिलेलास की तिच्या पाठवणीला तो पीस, तुमच्या बँडची ती धून, तूच वाजवशील. आता तो मी वाजवणार आहे. मी, जी वर्गात हजेरीला नुसतं "येस टीचर" म्हणताना घाम पुसायची. ते कसं ठरलं ते सांगते. मधे एक गोष्ट विचारायची पण आहे.

मला तू आठवतोस तो विचुंब्याच्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर बसलेला. लग्नाचा सीझन सुरू व्हायच्या आधी तू तुझं कॉर्नेट, ते फुंकायचं पितळी वाद्य, चिंचेने घासायचास आणि त्याच्या पिस्टनला आईच्या शिलाई मशीनचं तेल घालायचास. आई भाकऱ्या थापतेय, मी तुझ्या पायाशी बसलेय, आणि तू त्या संगीत बनवणाऱ्या गोऱ्या लोकांच्या गोष्टी सांगतोयस. तुला बँड शिकवणाऱ्या गोव्याच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तुला सांगितलेल्या. त्यांची नावं तुझ्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून तू तुझी नावं ठेवलेलीस. लाल्या पाद्री, लाल केसांचा, जो अनाथ पोरींना वाजवायला शिकवायचा आणि पोरी जाळीमागे उभ्या राहून वाजवायच्या, लोकांना दिसायच्या नाहीत. पोरांचा बाप, ज्याने लहानपणी मोठ्या भावाने कपाटात ठेवलेलं संगीत चांदण्यात चोरून उतरवून काढलं आणि डोळे खराब करून घेतले. छोकरा, ज्याला त्याचा बाप गावोगाव वाजवायला फिरवायचा. बहिरा. आणि खोकल्या, छातीचा आजारी, ज्याने आपला पाठवणीचा पीस बनवला. तुझ्या गोष्टीत हे सगळे एका गल्लीत राहायचे. बहिऱ्याला ऐकू येत नाही म्हणून तो जोरजोरात पियानो आपटायचा, आणि पोरांचा बाप भिंतीवर थापा मारून ओरडायचा, "अरे पोरं निजलीत माझी!" आई म्हणायची, "तुमी तिथं काय घरपट्टी भरायला गेलेलात का?" तू म्हणायचास, "मास्तर गेलेला ना." मास्तर पण गोव्याच्या पलीकडे गेलेला नव्हता, हे आईला माहीत होतं.

मला सगळ्यात आवडायच्या त्या जाळीमागच्या पोरी. मी तुला विचारलेलं, आपल्या बँडमध्ये जाळी लावता येईल का? तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू मला तुझ्या कॉर्नेटचा जुना माउथपीस दिलास. आधी मुठीत धरून गरम केलास आणि म्हणालास, थंड कधी ओठाला लावू नको, ओठ रुसतो. मी फुंकला तर नुसता फस्स आवाज. "फुगं फुगवतेस का?" म्हणून ओरडलास पण. मग ओठ कसे आवळायचे ते दाखवलंस, दहा वेळा, न कंटाळता. माझा पहिला सूर निघाला तेव्हा शेजारच्यांची म्हैस दावं तोडून पळाली, असं तू सगळ्यांना सांगायचास. दावं आधीच तुटकं होतं, बाबा.

तू गेल्यावर कॉर्नेट पेटीतच होतं, आईने कुणाला हात लावू दिला नाही. मी दुपारी चोरून त्याच्या तोंडात टॉवेल कोंबून नदीकडे जाऊन वाजवायचे. शाळा नववीनंतर सोडली. घरात कमवायला माणूस पाहिजे होतं हे खरं आहे, आणि दहावीची तोंडी परीक्षा टळली म्हणून मला हायसं वाटलं हे पण खरं आहे. मग नवीन पनवेलमध्ये एका सोसायटीत मिसकडे कामाला लागले. मिस म्हणजे पियानोची म्हातारी टीचर. एकटी राहते, बोटं आता वाकलीत, तरी शनिवारी दोन-तीन पोरांना शिकवते. मी तिचा स्वयंपाक करते. पहिले सहा महिने मी तिच्याशी मीठ-मसाल्याच्या पुढे बोलले नसेन. एकदा तिच्या पियानोवरून धूळ पुसताना तोंडातून निघून गेलं, "मिस, तो बहिरा आणि तो पोरांचा बाप शेजारी राहायचे ना?"

मिसला आधी कळलं नाही कोण. मग कळल्यावर एवढी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. "अगं, एक मेला त्याच्यानंतर वीस वर्षांनी दुसरा जन्मला! कोणी सांगितलं तुला हे?"

"बाबांनी."

"तुझा बाबा मला भेटायला पाहिजे होता," ती म्हणाली. मग तिने माझ्या टोपलीतले बटाटे घेऊन ओट्यावर रांग लावली. हा लाल्या पाद्री, हा त्याला चिकटून पोरांचा बाप, मग मोकळी जागा, मग छोकरा, त्याच्यामागे बहिरा, आणि टोकाला सगळ्यात लहान बटाटा, खोकल्या. मला फार वाईट वाटलं. तुझी गल्ली मोडली ना. मी विचारलं, म्हणजे हे एकमेकांना भेटलेच नाहीत? मिस म्हणाली, "बहुतेक नाहीच. पण तुझा खोकल्या आहे ना, त्याचा प्रोग्राम असला की त्याच्या आधी तो घरी बसून स्वतःचं वाजवायचाच नाही. पोरांच्या बापाचं वाजवायचा. तो मरून किती वर्षं झालेली, तरी." मी घरी येताना रिक्षात तेच धरून बसले. म्हणजे भिंत होती. आणि तिच्यातून ऐकू येत होतं. तू सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. बटाट्यांची आम्ही भाजी केली.

तेव्हापासून मिस मला रोज एकेकाचं सांगते, मी कणीक मळताना. आणि मग गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ती एका पोराला खोकल्याचं काहीतरी वाजवून दाखवत होती. मी आत डाळीला फोडणी देत होते. बाहेर नुसतं जड जड चाललेलं, एक पाय पुढे, मग दुसरा, चार खांदेकरी चालतात तसं. मला ओळखीचं काही वाटलं नाही. आणि मग ते थांबलं आणि मधेच तू आलास. खरंच सांगते. आपला पीस. विचुंब्याची, रोडपालीची, जिथे जिथे तुझी बँड पार्टी जायची तिथली प्रत्येक नवरी ज्याच्यावर गाडीत बसली तो. डाळ करपली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. मिस म्हणाली, "काय गं?"

"हे आमचं पाठवणीचं आहे."

"पाठवणी? लग्नातली?" मिसचे हात पियानोवरच राहिले. "बेटा, हे फ्युनरलचं आहे. मयताचा मार्च. त्याच्या स्वतःच्या मयताला पण हेच वाजवलेलं."

मला तुझं तोंड डोळ्यासमोर आलं, लाल कोटातलं, गाल फुगलेले. आणि पहिल्यांदा मला तुझा राग आला. इतकी वर्षं आपण लोकांच्या पोरी मयताच्या गाण्यावर सासरी धाडल्या? पण घरी जाताना पुलावर आल्यावर मला एक दुपार आठवली. नवीन आलेला क्लॅरिनेटवाला विचारतोय, हा पीस असा मधूनच कसा चालू होतो? आणि तू म्हणतोयस, "याच्या आधी पन हाय. ते आपल्या कामाचं नाय. इथूनच चालू करायचा." मी तेव्हा ऐकून सोडून दिलेलं. म्हणजे तुला माहीत होतं ना? हेच विचारायचं होतं. मला वाटतं माहीत होतं. मिसने पुढे सांगितलं की खोकल्या विशीत देश सोडून निघाला तो परत घरी गेलाच नाही, जन्मभर परक्या गावात घरची आठवण काढत वाजवत राहिला. मेल्यावर त्याचं काळीज तेवढं त्याच्या बहिणीने लपवून माहेरी नेलं. मिसने "देशात नेलं" असं म्हटलं, माहेर मी म्हणतेय. तू पण तसंच धरलेलं असणार. त्या मयताच्या पिसात मधेच जे गोड आहे ते सुटलेल्या घराचं आहे, आणि तेवढंच तू उचललंस.

तरी ताईला सांगणं भाग होतं. लग्न तिचं आहे. तिची सासरची माणसं डीजे लावा म्हणत होती, पाठवणीला पण. मी ठरवलं, तिने नको म्हटलं तर तो पीस कोणीच नाही वाजवायचा. तिला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं, एका दमात, कपडे वाळत घालताना, तिच्याकडे न बघता. ती चिमटे लावायची थांबली नाही. म्हणाली, "मग? आख्ख्या विचुंब्याच्या पोरी त्याच्यावर गेल्या. सगळ्या नांदतायत."

"एक परत आली."

"ती डीजेवर गेली असती तरी आली असती." मग ती म्हणाली, "डीजे हळदीला लावू दे. पाठवणीला बाबांचाच पीस. आणि तू वाजवायचा." मी म्हटलं, मला जमणार नाही, तुझ्या पार्टीतले मास्तरकाका वाजवतील. ती म्हणाली, "काकांना दिला नव्हता बाबांनी शब्द. मला दिलेला."

मास्तरकाका आता तुझी पार्टी चालवतात. त्यांच्याकडे जायला मला आठवडा लागला. गोडाऊनमध्ये सगळे बसलेले. काका म्हणाले, "पोरी, तुझ्या तोंडातून आवाज निघत नाय, कॉर्नेटातून काय निघनार?" ढोलवाला हसला. भिंतीकडे तोंड केलं, माउथपीस मुठीत गरम केला आणि वाजवला. शेवटपर्यंत. ढोलवाला परत हसायला लागला, "भिंतीचं लगीन हाय काय?" तर काकांनी त्याला झापलं. "गप रे. तिच्या बापाचाच नियम हाय."

आणि मला एकदम आठवलं. तू पाठवणीला अख्खी पार्टी फिरवून नवरीकडे पाठ करून उभी करायचास. रडणाऱ्याकडे बघून फुंकता येत नाय, ओठ सुटतो, म्हणून. लोक चिडायचे, बँडवाल्यांना रीत नाही म्हणायचे. तू ऐकलं नाहीस कधी. मला किती बरं वाटलं बाबा. तू माझ्यासाठी जाळी लावून ठेवलेलीस. परवा मी पाठ करून उभी राहीन, वाजवेन, संपलं.

ताईला हे आनंदाने सांगितलं तर ती म्हणाली, "नाय. माझ्याकडं बघून वाजव. बाबा तर दिसनार नाय, तू तरी दिस."

मी रात्रभर चिडून होते तिच्यावर. सकाळी उठले आणि आईला स्वयंपाकघरात समोर बसवलं. म्हटलं, उठायचं नाही. वाजवायला लागले. आई दोन ओळीत रडायला लागली आणि माझा ओठ सुटला, अगदी तू म्हणायचास तसा, नुसता फस्स. आई म्हणाली, "राहू दे गं." मी म्हटलं, "नाही. तू रडत राहा. मला सवय करायचीय." मग ती रडता रडता हसायला लागली, ते त्याहून अवघड. पण आता पंधरा दिवस रोज करतोय. काल आई रडली आणि माझा ओठ जागेवर होता. परवा मी ताईच्या समोर उभी राहणार आहे, तिच्याकडे तोंड करून. काकांना सांगितलंय, बाकीचे तुझ्या नियमाने पाठ करून राहतील, मी एकटी फिरणार. ते म्हणाले, फिर.

पत्रिकेच्या पुढच्या बाजूला तुझं नाव "कै." लावून छापलंय. मागे ज्याला द्यायची त्याचं नाव टाकतात, मी कोणाचंच टाकत नाही, ही देणार कोणाला.

एक राहिलं. त्या पिसाच्या आधीचा भाग, आपल्या कामाचा नसलेला, तो मी मिसकडून शिकून घेतलाय. तू गेलास तेव्हा कोणी काही वाजवलं नव्हतं. गेल्या मंगळवारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी तो तुझ्यासाठी वाजवला, पहिल्यापासून. तुझ्या फोटोकडे पाठ करून.