परदेशी न गेलेली कावीळ

मार्सेय, जानेवारी

चि. सावेरियास,
अ. आ. कॉर्सिकात थंडी कडक असेल, जपून असा.

मला कावीळ झालीय. डॉक्टरीणबाईंनी आल्याआल्या विचारलं, कुठला देश फिरून आलात. मी म्हटलं, बोटीनं आपल्या गावी, बस्स. त्यांनी भारताचं विचारलं, मग आफ्रिकेचं. मी कुठेच गेलो नाही म्हटल्यावर त्या जरा हिरमुसल्याच. शेजारच्या ट्युनिशियाच्या जोहराबाई सूप आणून देतात. तू दिलेल्या कलेजीच्या सॉसेजचा, फिगातेल्लूचा वासही नको वाटतो, यावरून दुखणं ओळख.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ऑर्सूदादा

*

ओर्नेत्ता, जानेवारी

ती. दादास,
सा. न. तुझं पत्र वाचून जीव खाली-वर झाला.

तरी मी सांगत होते, परक्यांच्या हातचं खाऊ नकोस. त्या बाईचं सूप आधी बंद कर. ताकदीसाठी आणखी फिगातेल्लू पाठवतेय. आपल्या डुकराची ताजी कलेजी आहे, नुसती धुरावर धरलेली. आमचे हे, पास्क्वाले, मूत्रपिंड बदलल्यापासून रोज कच्चंच खातात. हल्ली थकवा आहे थोडा, पण ते हवेमुळे.

राग न धरता ऐकावंस.
सावेरिया

*

मार्सेय, फेब्रुवारी

चि. सावेरियास,
अ. आ. बसून वाच.

विषाणू सापडला. हेपटायटिस ई. तो परदेशातून आलाच नाही, डुकराच्या कच्च्या कलेजीतून आला. जोहराबाई म्हणाल्या, बरं झालं, मी डुक्कर खात नाही. मी बरा होईन, पण पास्क्वालेंची गोष्ट वेगळी. मूत्रपिंडासाठी ते ज्या गोळ्या घेतात, त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती दबते. कलेजी आतपर्यंत शिजव, आणि त्यांना उद्याच बास्तियाच्या इस्पितळात नेऊन रक्त तपासून घे. मग माझ्याशी हवं तेवढं भांड.

वाट बघतोय.
ऑर्सूदादा

*

ओर्नेत्ता, मार्च

ती. दादास,
सा. न. भांडणार होतेच. आपली डुकरं चेस्टनट खाऊन वाढलेली, सरपंचापेक्षा स्वच्छ.

पण यांना नेलं. तोच विषाणू निघाला. तिथल्या डॉक्टरांनीही कुठला देश विचारला, तर हे खुशीत येऊन शेजारचं सार्डिनिया म्हणाले, लग्नाआधी गेले होते म्हणून. गोळ्या कमी केल्या, नवं औषध दिलं, आता यकृत सावरतंय. मी दोन रात्री रडले, तुला सांगत नाही. आता कलेजी पूर्ण शिजवते. हे म्हणतात, चपलेचा तळ चावतोय.

जत्रेत मी फिगातेल्लू विकते त्या टेबलावर पाटी लावली, पूर्ण शिजवूनच खा. सरपंच धावत आले, बेटाची बदनामी होते, काढ म्हणाले. मी विचारलं, हिवाळाभर माझ्याकडचं कच्चं कुणी खाल्लं. ते पाटी तशीच सोडून गेले. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामासाठी म्हणून बास्तियाला निघाले. मी यांना पुन्हा तपासणीला घेऊन त्याच बसमध्ये होते. बघते तर अर्धं गाव बसलेलं, आणि सगळ्यांचंच रस्त्याचं काम.

जोहराबाईंना माझा नमस्कार सांग, आणि आपल्या लाडक्या बहिणीवरची माया तशीच ठेव.
सावेरिया