साडीगार्ड

ती. प्रज्योतदादा,

बेंगळुरूहून कल्पिताचा नमस्कार. मी मजेत आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

लग्नानंतर जागृतीवहिनीला गोव्याला न्यायला क्रूझर बाइक बरी की टूरिंग, असं तू विचारलंस. शोरूममध्ये मी दोन्ही चालवते, म्हणून सांगते. क्रूझर ठेंगणी, पाय पुढे पसरून चालवायची. सरळ रस्त्यावर राजासारखं वाटतं, पण प्रत्येक खड्डा कण्याला लागतो. टूरिंगवर पाठ ताठ राहते, पुढची काच वारा अडवते, मागची सीटही ऐसपैस. टूरिंगच घे.

पहिल्या क्रूझरचं साडीगार्ड तू ‘लुक जातो’ म्हणून त्याच दिवशी काढलंस. रेवसच्या रस्त्यावर आईचा पदर मागच्या चाकात ओढला जात होता, तेव्हा ती ओरडत होती, “बाला, गारी थांबव!” मागच्या रिक्षावाल्याने ऐकलं. तू हेल्मेटमध्ये गाणी ऐकत होतास. तेराव्याला त्याने हे मला सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून मी तीन वर्षं गप्प राहिले. आता तू आनंदात आहेस, म्हणून लिहिते.

ते साडीगार्ड माळ्यावर आहे, अजून कोरं. वहिनीसाठी बसवून घे. मी लग्नाला येणार नाही. तोच माझा आहेर समज.

बाबांना जप.

तुझी धाकटी,
कल्पिता