पिशवीतले दोन कांदे

१२ जानेवारी, सोमवार

हर्षालीच्या ओढणीला कांद्याचा वास नाही! धुवायला घेतली, नाकाला लावली, पुन्हा लावली. साबण, बसचा धूर — बाकी काही नाही. विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे ऑफिसात बसते कार्टी. दोन वर्षं झाली, संध्याकाळी नात दारात यायच्या आधी तिचा वास यायचा. आता नाही.

उद्या बघते तिला.

१३ जानेवारी

तिचा बाप अमोल कामावरून यायच्या आत धरली. "भवाने, तुझ्या विंचूरच्या कांद्याला वास यायचा बंद झाला का?"

आधी हसली. मग रडली. एक तारखेलाच नोकरी सोडली म्हणे! दिवसभर अशोक स्तंभाजवळ अभ्यासिकेत बसते. "आजी, मागच्या वेळी दोन मार्कांनी गेले गं. बसमध्ये उभं राहून किती वाचू? शेठ एक सुट्टी देईना. आठ फेब्रुवारीला सरकारी परीक्षेचा पेपर आहे. तेवढं सांभाळ."

बाप रोज तिला आडगाव नाक्यावर निफाड-विंचूरच्या बसला सोडतो. ही बसते, पुढच्या थांब्यावर उतरते, रस्ता ओलांडून उलट्या बसने शहरात! एवढी अक्कल पेपरात चालवली असती तर केव्हाच साहेब झाली असती. तोंडावर बोलले तसं.

तिची आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. अमोलचं म्हणणं ठरलेलं — नोकरी आहे तोवर कर अभ्यास, लग्नाचं नाव काढणार नाही. नोकरी सुटली की सायखेड्याचं स्थळ. माझा पोरगा एकदा बोलला की खिळा ठोकला. त्याला कळलं तर पोरीला चार दिवससुद्धा मिळायचे नाहीत. आणि नोकरी मीच ओळख काढून लावलेली!

दोन शिव्या दिल्या आणि गरम भाकरी.

तोंडाने कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून कालपासून तिच्याच जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. अमोलचं नाक माझ्यावर गेलंय. तर आजपासून तिच्या पिशवीत दोन कांदे — एक फोडलेला, ओढणीत गुंडाळून. तीळगूळ मागून.

१९ जानेवारी

"आजी, माझ्या शेजारी कुणी बसेना! मैत्रीण तृप्तीसुद्धा नाक धरून उठली."

म्हटलं, बरंच झालं. गप्पा बंद.

जेवण झाल्यावर मी प्रश्न वाचते, ती भांडी घासत उत्तरं देते. माझं शिक्षण तिसरी. एकेक अक्षर लावत जाते. "तुझा प्रश्न संपेपर्यंत मला चारही पर्याय पाठ होतात!" हसते टवळी. राज्यपालाला कोण नेमतं ते आता मलाही ठाऊक. मला कोण नेमणार?

अमोल कोपऱ्यात पेपरात डोकं घालून.

२७ जानेवारी

सायखेड्याहून फोन. अमोल बाहेर जाऊन बोलला.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

काही नाही कसं? अर्धा तास काय, हवापाणी बोलत होता? हर्षालीला कळू दिलं नाही.

२ फेब्रुवारी

पोरीच्या डोळ्यांखाली काळं. वरणात तूप ओतलं तर ओरडली, जाड होईन म्हणे. म्हटलं, साहेबाच्या खुर्चीत बसायचंय ना? मग खुर्ची भरली पाहिजे!

तूप खाल्लंन.

७ फेब्रुवारी, शनिवार

उद्या पेपर. रविवारची कुठे निघाली म्हणून बाप विचारणार. मीच सांगितलं, विंचूरला जादा काम आहे. खोटं मी बोलते, तिने तिकडे खरं तेवढं लिहावं. "बरं," म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

लय लवकर मानलंन.

८ फेब्रुवारी

हातावर दही घातलं. गेली. दिवसभर मी एकच तांदूळ तीनदा निवडला.

आल्यावर म्हणते, "बरा गेला." एवढंच! मग हसत सुटली. सवयीने मी आजही कांदे घातले होते. पिशवी वर्गाबाहेर ठेवायला लावली, तर दारावरचा माणूस विचारतो, "ताई, भाजी घेऊन आलात का?"

९ फेब्रुवारी

हर्षाली हात धुवायला उठली तसा अमोल ताटाकडेच बघत बोलला, "आई, विंचूरचे कांद्याचे लिलाव दहा दिवस झाले बंद आहेत. पेपरात येतंय. आता तिच्या पिशवीतले कांदे भाजीत घाल."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"पोरीला रस्ता ओलांडताना मी मागच्या महिन्यातच बघितलं, सायखेड्याला तेव्हाच नकार कळवला. आणि उद्यापासून तिला अशोक स्तंभालाच सोडतो. त्या उलट्या बसमध्ये उगाच अर्धा तास जातो पोरीचा."