जोडून घेतलेला फोटो

अण्णा,

माझं काम काय आहे ते घरीसुद्धा कुणाला सांगायचं नाही, असं कंपनीने लिहून घेतलं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तुम्हाला सांगितलं तर चालत असावं. लोक मोबाइलवर जे फोटो आणि व्हिडिओ टाकतात, त्यातलं खोटं ओळखायचं आणि त्यावर लाल पट्टी लावायची, फारच वाईट असेल तर काढून टाकायचं. काही पट्ट्या कंपनीचं यंत्र आपोआप लावतं, बाकी मराठीतलं सगळं माझ्या वाट्याला येतं. सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून ते संपतच नाही. मोबाइलवरच्या खेळातली विमानं खरी म्हणून कोसळतात, कुठल्या तरी देशातल्या भूकंपात पडलेली घरं आपल्याकडची म्हणून येतात. सकाळी मी काढून टाकलेला व्हिडिओ संध्याकाळी अन्नपूर्णा रोडवरचा भाजीवाला मलाच दाखवतो. "दीदी, ये वाला असली है." मी मान हलवते आणि मेथीची जुडी निवडते. परवा सायरनची चाचणी झाली तेव्हा इमारतीतल्या बायका जिन्यात उभ्या राहून एकमेकींना तोच व्हिडिओ दाखवत होत्या, आणि सायरन थांबल्यावरही कुणी घरात गेलं नाही.

हे काम मला लवकर जमलं ते तुमच्यामुळे. अजून दिसतं, स्नेहलतागंजातल्या तुमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत तुम्ही बसला आहात. समोर एक लग्नाचा फोटो आणि एक जुना, लग्नाआधीच गेलेल्या कुणाचा तरी. त्या माणसाला तुम्ही बारीक ब्लेडने कापून घेता, कडा मागून घासून पातळ करता, लग्नाच्या फोटोत मुलीच्या शेजारी चिकटवता, ब्रशने सांधा भरता आणि सगळ्याचा मिळून पुन्हा एक फोटो काढता. मग भिंग माझ्या हातात. "चेहरा शेवटी. आधी पाय बघ." चेहऱ्याकडे पाहिलं की माणूस भुलतो, म्हणायचात. सावली पायाशी असते.

मी दहा वर्षांची असेन. एक बाई असाच फोटो न्यायला आल्या होत्या, मुलीच्या लग्नात त्यांचे गेलेले यजमान उभे होते. बाई फोटोवरून बोट फिरवत होत्या आणि मी शाळेच्या दप्तरासकट मध्ये घुसून म्हणाले, "आंटीजी, अंकल के पैर के नीचे परछाईं ही नहीं है." त्यांनी फोटो परत कागदात गुंडाळला आणि टेबलावर ठेवून गेल्या. तुम्ही त्या दिवशी दुसरं काही काम घेतलं नाही. सावली भरलीत, नवा फोटो केलात आणि स्वतः सायकलवरून त्यांच्या घरी देऊन आलात. छत्रीबागेतल्या घरी आपण जेवायला बसलो तेव्हा तुम्ही ताटाकडे बघत विचारलंत, "फोटो जोडलेला आहे हे तिला माहीत नव्हतं, असं वाटलं का तुला?" मी भात कालवत राहिले. मला खरंच तसं वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात माझ्यासमोर एक फोटो आला. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर म्हातारी बाई, मागे गणवेशातला मुलगा. खाली लिहिलं होतं, माझं लेकरू देशासाठी गेलं. मी आधी पाय पाहिले. त्याचे बूट जमिनीला टेकलेच नव्हते, ऊन तिच्या उजव्या गालावर आणि त्याच्या डाव्या. त्या दिवसांत शहीद म्हणून कुणाचेही चेहरे फिरवले जात होते, लोकांना भडकवायला. मी लाल पट्टी लावली, 'छायाचित्रात फेरफार', आणि पुढच्या फोटोकडे गेले. चहाही गार झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो माझ्या पट्टीसकट हजार ठिकाणी होता. भाड्याची आई, असं लोक खाली लिहीत होते. कुणी तिच्या गावाचं नाव टाकलं, कुणी घराचा रस्ता. दुपारी तिच्याकडून तक्रार आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली असावी. "फोटो जोडूनच घेतला आहे. सुट्टीवर आला तेव्हा संगं काढायचा राहून गेला. पोरगा माझाच आहे."

मी तिथल्या एका लहान पेपरात शोधलं. मुलगा सीमेवर गेल्याची बातमी होती, गाव तेच, चेहरा तोच. आमच्या टीमचा प्रमुख माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, वाईट नाही. स्क्रीनकडे बघत तो म्हणाला, "मॅडमजी, फोटो जोड़ा हुआ है कि नहीं? फिर हमने गलत क्या बोला?" अण्णा, चूक काहीच बोललो नव्हतो. मी पेपर त्याच्यासमोर धरून उभी राहिले, तेव्हा कुठे तो म्हणाला, "ठीक है, हटा दो." पट्टी काढली. पण लोकांच्या मोबाइलमधल्या फोटोवरची ती माझ्या हातात नव्हती.

काल एक व्हिडिओ आला. निळ्या रंगाचं बंद दार, बाहेर दहाबारा पोरं, कुणी तरी दारावर लाथ घालतंय, बाहेर ये नकली आई म्हणून ओरडतंय. सवयीने मी आधी खाली पाहिलं. उंबऱ्यापाशी बायकी चपला होत्या, टाचेकडून झिजलेल्या, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. म्हणजे ती आत होती. मी व्हिडिओ काढून टाकला, तातडीचा शेरा मारला, वर कळवलं. त्यानंतर तिच्या खात्यावरून काहीच आलेलं नाही. दर अर्ध्या तासाने मी बघते.

हे पत्र तुमच्या भिंगाच्या डबीत ठेवणार आहे. तुम्ही असता तर सायकल काढून तिच्या दारी गेला असता. मी तेवढंही केलं नाही. पट्टी काढताना निर्णय का बदलला ते एका चौकटीत भरावं लागतं. दोन पर्याय असतात, तपासणाऱ्याची चूक आणि यंत्राची चूक. मी यंत्राची निवडली. यंत्राने तो फोटो पाहिलाही नव्हता.