सेंट थॉमसविषयी एक दुरुस्ती

प्लेनो, टेक्सस
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. रेखाकाकूंना
नीलांबरीचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. सेंट थॉमस बेट अमेरिकेचंच आहे, म्हणून तिथे कशालाच पासपोर्ट लागत नाही, असं मी लिहिलं होतं. बेटापुरतं ते बरोबर आहे. पण दिवसभराची जी बोट बुक करा म्हणून मी सुचवलं, ती शेजारच्या व्हर्जिन गोर्डाला जाते आणि ते बेट ब्रिटिशांकडे आहे. म्हणजे दुसरा देश. तुम्ही आणि मंजुषामावशी दोघी इथल्या नागरिक आहात, तुम्हाला अडचण यायची नाही, पण पासपोर्ट बरोबर हवाच. काका गेल्यानंतरचा तुमचा हा पहिला प्रवास. माझ्या एका वाक्यामुळे तुम्हाला धक्क्यावरून परत फिरावं लागलं असतं, या विचाराने दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

चूक त्याच वाक्यात आणखी एक आहे. त्या बोटीने आम्ही दोघं गेलो, असं मी लिहिलं. मी गेले नव्हते. सिद्धेश गेला, त्याचा मित्र प्रथमेश आणि प्रथमेशची बायको नेत्रा गेली. मोठमोठ्या दगडांच्या गुहांचं जे वर्णन मी केलं, ते त्यांच्या फोटोंवरून. खोटं लिहायचं मनात नव्हतं. लग्न झाल्यापासून हात आपोआप तसंच लिहितो.

झालं असं की माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. अमेरिकेत राहायला, काम करायला त्याने काही अडत नाही. पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. आमच्या औशाच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आलेला प्रत्येक कागद लहानपणापासून मीच वाचून दाखवायचे, त्यामुळे बारीक अक्षर माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. बोटीच्या तिकिटामागचा मजकूर मी धक्क्यावर उभी राहून वाचला आणि सिद्धेशला दाखवला. त्याचा शिक्का चालू होता. त्याने तो मजकूर वाचला, प्रथमेशकडे बघितलं आणि मला म्हणाला, की तू बस ना यार इथेच, मस्त हवा आहे, आम्ही जाऊन येतो.

आठवडाभर तो आपण बोटीने जाऊ, आपण पोहू, असंच म्हणत होता. धक्क्यावर त्याचं आम्ही झालं. राग आला, असं लिहायला हवं. पण आला नाही. ऊन होतं, म्हणून मी टोपी घातली. सगळ्यांसाठी केलेल्या सँडविचची पिशवी बोटीतून गेली, माझा वाटाही तिच्यातच होता.

त्यावरून तुमच्या उपयोगाची एक गोष्ट सांगते. तिथे दुकानात शिरल्यावर आधी गुड मॉर्निंग म्हणायचं. मी थेट पाण्याची बाटली मागितली, तर दुकानातल्या बाई मला गुड मॉर्निंग म्हणून नुसत्या थांबून राहिल्या. मी गुड मॉर्निंग म्हटलं, तेव्हा पाणी मिळालं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोललेल्या त्या एकट्याच.

सिद्धेश दोन आठवड्यांपासून बॉथेलला, इथून विमानाने चार तासांवर, नव्या नोकरीवर आहे, प्रथमेशकडे राहतो. मीही मार्चपासून तिकडे जायचं, असं ठरलं आहे.

तुमच्या कानांची काळजी घ्या. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायचा आग्रह नाही.

तुमची
नीलांबरी

---

शॉमबर्ग, इलिनॉय
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. नीलांबरीस
रेखाकाकूचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि मंजुषालाही टाकायला लावला. ती म्हणते, ही मुलगी आपल्याबरोबर आली तर आपल्याला काही वाचावंच लागणार नाही. मी म्हटलं, तू तसंही काही वाचत नाहीस.

फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून तुला मी पत्रं लिहायला लावते. एरवी तू बरी आहे, मजेत आहे म्हणून फोन ठेवला असतास आणि मी विश्वास ठेवला असता. कागदावर तुला खोटं राहू देववत नाही. बरं आहे ते.

सिद्धेश माझ्या दिराचा मुलगा. लहानपणी तो सुट्टीत इथे आला की त्याची बॅग मीच भरून द्यायची. त्याला तेव्हापासून वाटतं की बॅगा आपल्या आपण भरतात. म्हणून त्याची बाजू मी घेणार नाही. पण तू त्या एका शब्दावर अडून बसली आहेस, तेव्हा एक सांगते. आपण हा शब्द नेहमी गोड असतोच असं नाही. तुझे हेमचंद्रकाका जन्मात कधी आम्ही म्हणाले नाहीत. आपण चहा करू, आपण पापड भाजू, रविवारी आपण पंचवीस माणसं जेवायला बोलावू. इतकं म्हणून हे सोफ्यावर पेपर उघडायचे. मी हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून आलेली असायची. लोक मला म्हणायचे, किती प्रेमाने बोलतात. प्रेम होतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण चहा मीच केला.

तेव्हा शब्द ऐकून झाला की स्वयंपाकघराकडे कोण उठून जातं ते बघत जा.

आता माझा प्रश्न. बॉथेलला जायचं ठरलं आहे, असं तू लिहितेस. कोणी ठरवलं? तुझी नोकरी प्लेनोला आहे आणि तुझा व्हिसा त्या नोकरीवर आहे, एवढं मला कळतं. नोकरी सोडलीस तर तुझं काय होतं ते मला नीट लिही. मी डॉक्टर आहे, आडून आडून सांगितलेलं मला आवडत नाही.

आणि गाडीचं विसरलीस. तिथे गाडी भाड्याने घ्यावी का? मंजुषा म्हणते ती ड्राइव्ह करेल. मला जगायची अजून थोडी इच्छा आहे.

मार्चमध्ये तू आलीस तर आवडेल. बेटावरच राहू, तुला शिक्का लागणार नाही.

आशीर्वाद तर आहेतच, मागायची गरज नाही.

रेखाकाकू

---

प्लेनो, टेक्सस
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

ती. रेखाकाकूंना
नीलांबरीचा शि. सा. न. वि. वि.

आधी गाडीचं. घेऊ नका. तिथे आपल्याकडच्यासारखं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, पण गाड्या अमेरिकेच्या, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच. रस्ते अरुंद आणि चढाचे. उघड्या टॅक्सी मिळतात, बरेच जण एकत्र बसतात. भाडं बसण्याआधी विचारून घ्या. घरांत पावसाचं साठवलेलं पाणी वापरतात, तेव्हा नळ उघडा ठेवून दात घासू नका. सनस्क्रीन घेताना डबीवरची नावं तपासा, प्रवाळाला अपाय करणाऱ्या काही प्रकारांना तिथे बंदी आहे. येताना विमानतळावर कागदपत्रं बघतात, रांग मोठी असते, जास्तीचा वेळ हाताशी ठेवा. काही राहिलं असेल तर विचारा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

बॉथेलबद्दल बोलताना सिद्धेश आपण म्हणाला होता. मी आठवून बघितलं. मी कुकर लावत होते, तो फोन हातात घेऊन आत आला आणि म्हणाला, आपण बॉथेलला मूव्ह होतोय. तोपर्यंत त्याने नोकरी घेतली होती आणि प्रथमेशच्या शेजारचं घरही बघून ठेवलं होतं. तुमचं पत्र वाचेपर्यंत मी त्या शब्दावर समाधानी होते. मला वाटलं होतं, या वेळी मी बोटीत आहे.

राजीनामा दिला की माझा स्वतःचा व्हिसा संपतो. मग मी सिद्धेशच्या व्हिसावर त्याची बायको म्हणून राहायचं. नोकरी करायची परवानगी मिळेल की नाही, कधी मिळेल, हे कोणी सांगू शकत नाही. तिकडे आधी नोकरी शोधते, मग येते, असं मी त्याला म्हटलं. तो हसला. म्हणाला, इतकी काय घाबरतेस यार, मी आहे ना. माझ्या दोन पत्र्याच्या पेट्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र लगेच म्हणाला, की त्या ट्रकमध्ये मावणार नाहीत, तू बघ त्यांचं काय करायचं ते. सोमवारी मी राजीनामा द्यावा, अशी त्याची अपेक्षा आहे. मॅनेजरला कसं सांगायचं तेही त्याने समजावून दिलं.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. आईला त्यातलं काही कळत नाही. सही करायला तिला अजून वेळ लागतो. पण दर रविवारी फोनवर ती विचारते, की या आठवड्यात किती चुका पकडल्यास. मी आकडा सांगितला की शेजारच्या बाईला तो ओरडून सांगते. परवाही सांगितला. बॉथेलचं तिला सांगितलं नाही.

हे सगळं लिहिताना मला काही वाटत नाहीये. हात तेवढे गार आहेत. सिद्धेश वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर पत्र अपुरं राहील. तो मारत नाही, ओरडत नाही. धक्क्यावरून बोट निघाली तेव्हा त्याने मला हातही केला होता.

मी राजीनामा देणार नाही. त्याला मेसेजवर कळवणं सोपं होतं, दोनदा लिहिलं आणि पुसलं. त्याला समोर बसवून सांगायचं आहे. सामान भरायला तो येतोय. त्याचा चहा होऊ देईन आणि सांगेन, की तू जा, मी इथे राहते आहे. तो रागावेल किंवा हसेल. हसला तर जास्त अवघड जाईल, पण वाक्य तेच ठेवायचं ठरवलं आहे. पुढे आमचं काय, ते मला माहीत नाही. तिकडे नोकरी मिळाली तर जाईन, किंवा तेव्हा जावंसं वाटणारही नाही. मार्चमध्ये तुमच्याबरोबर यायचं की नाही, ते आज लिहीत नाही. एका वेळी एकच गोष्ट नीट करता येते मला.

तुम्ही त्याच्याही काकू आहात, म्हणून तुम्हाला आधी कळवणं बरोबर की चूक, यावर बराच विचार केला. तुम्ही त्याला काही सांगू नये, एवढीच विनंती. रागावलात तर रागवा, पण पत्र लिहून रागवा.

तुमची
नीलांबरी

ता. क. सिद्धेश येणार तो दिवस लिहायचा राहिला. शनिवार, २१ फेब्रुवारी.