कुटुंबात एक जागा शिल्लक आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून प्रत्यक्षात उभ्यानेच घातला, पण तू आठही अंगं मोजून घे). आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुझ्या भावजयीला या महिन्यात हॉस्पिटलात दिवसपाळी आहे, त्यामुळे ती खुशीत आहे आणि संध्याकाळी मला घरकाम आहे. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. दर रविवारी फोनवर विचारतो, तेव्हा तू "मी ठीक आहे, तू बरा ना, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. गेल्या रविवारी आपण अडतीस सेकंद बोललो. मी सांगत नाही, फोनच सांगतो. आमच्याकडची सगळ्यात टुकार लिफ्टसुद्धा तळमजल्यावरून आठव्या मजल्यावर जायला याहून जास्त वेळ लावते. म्हणून पत्राचा घाट घातला. हातात घेतलेला कागद तू अर्धवट वाचून टाकत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर विषय असा की, व्हिडिओ गेम फार महाग झाले आहेत. (चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस.) लेक नोकरीच्या गावी गेली तेव्हा तिचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा, इथेच ठेवून गेली. पुढे माझा घोटा मुरगळला आणि सहा आठवडे मला शिड्यांची बंदी झाली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला शिडी चढता येत नसेल तर त्याने करायचं काय? मी डबा लावला. घोटा बरा झाला, डबा मात्र सुटला नाही. पण ताई, नव्या गेमची किंमत बघितलीस तर तुझ्या पोटात गोळा येईल. एका गेमच्या पैशात कामावर घालायचे चांगले बूट येतात, आणि बुटांचा डावा पाय आत्ता व उजवा पुढच्या वर्षी वेगळ्या पैशांनी, असं कुणी करत नाही. गेमवाले करतात. आधी अपुरा गेम विकतात आणि मग उरलेला तुकड्या-तुकड्यांनी. आमच्या सुपरवायझरांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, ऐंशी तास खेळता येणारा गेम तासाच्या हिशोबाने चहापेक्षा स्वस्त पडतो. ते बरोबर असेलही, पण चहा मी ऐंशी तासांचा एकदम विकत घेत नाही. तुझी भावजय म्हणते, गेम काही महाग नाहीत, तुम्ही चिकट आहात. तू मला ओळखतेस. पूर्ण किंमत मोजून मी आजवर एकही गेम घेतलेला नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

आता पूर्ण किंमत न मोजता गेम कसे खेळायचे, तर पहिला मार्ग सेलचा. मी सायकल शर्यतीच्या एका गेमवर नजर ठेवून होतो. जगभरातली माणसं त्यात एकमेकांशी शर्यत लावतात. निघाला तेव्हा भाव आभाळाला भिडलेला, म्हणून मी दम धरला. दिवाळखोराचा सावकारही धरणार नाही इतका दम धरला, अडीच वर्षं. मग एका सकाळी किंमत दहाव्या हिश्शावर आली आणि मी झडप घातली. संध्याकाळी हातपाय धुऊन शर्यतीला उभा राहिलो. पडद्यावर आलं, खेळाडू शोधत आहोत. चाळीस मिनिटं शोधत होते. जग केव्हाच तो गेम सोडून दुसऱ्या गेमकडे गेलं होतं, आणि महिन्याअखेर कंपनी तो बंदच करणार होती. मी एकटाच धावलो आणि पहिला आलो. तुझ्या भावजयीने टॉवेल वाळत घालता घालता माझं अभिनंदन केलं.

दुसरा मार्ग वर्गणीचा. आम्ही चौघांनी, म्हणजे मी, सुपरवायझर, स्टोअरवाला आणि लांब्या (हा आमच्यात वयाने लहान, उंचीने मात्र असा की लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तरी डोकं बाहेर), मिळून एका खुनाच्या तपासाच्या गेमची जुनी डिस्क घेतली. प्रत्येकाला एक आठवडा, आणि सोमवारी सकाळी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डिस्कची देवघेव. चिठ्ठ्या टाकल्या, पहिला नंबर लांब्याचा लागला. त्याने चार दिवसांत गेम संपवला आणि चहाच्या वेळी, बिस्किट बुडवता बुडवता, खून माळ्याने केला हे सांगून मोकळा झाला. उरलेले तीन आठवडे आम्ही तिघांनी सगळा तपास मुकाट्याने केला. माझा नंबर शेवटचा. गेममधला माळी माझ्याशी अतिशय अदबीने बोलायचा, आणि मला ते ऐकवत नसे.

तिसरा मार्ग कुटुंबाचा, आणि तो जरा नीट समजून घे. गेमच्या दुकानात (खरं दुकान नव्हे, टीव्हीतलं) कुटुंब नावाची सोय आहे. सहा जागा असतात. एकाने घेतलेला गेम बाकीचे फुकट खेळू शकतात. अट एकच, सगळे एका घरचे हवेत. आम्ही यावर मशीनरूममध्ये बराच खल केला. दिवसातले नऊ तास आम्ही एकाच इमारतीत, एकाच डब्यातलं खात, एकमेकांवर खेकसत काढतो. याहून वेगळं घर ते काय, असं स्टोअरवाल्याचं म्हणणं पडलं आणि ते सर्वांना पटलं. (तुला पटणार नाही. तू बसमध्ये तिकीट राहिलं तर उतरल्यावर कंडक्टरला शोधणारी बाई. पण पुढे वाच.) कुटुंबप्रमुख मी झालो, कारण मोबाइल माझा होता. तुझ्या भावजयीलाही तिच्या नकळत कुटुंबात घेतलं, ज्यात ती सत्तावीस वर्षं आहेच. सुपरवायझरांचं नाव घालताना मात्र घोळ झाला. जन्मसालाचं एक चाक असतं, ते बोटाने मागे फिरवायचं असतं. माझ्या बोटांना ग्रीस लागलेलं, चाक थोडंच फिरलं, आणि मी पुढचं बटण दाबलं. त्यामुळे पुढच्या वर्षी निवृत्त होणारे आमचे सुपरवायझर त्या दुकानाच्या दप्तरी आठ वर्षांचे आहेत आणि माझं मूल आहेत.

याचे परिणाम दूरवरचे झाले. त्यांचा डबा साडेआठला आपोआप बंद होतो. तलवारीचे गेम त्यांना दिसत नाहीत, अस्वल मध गोळा करतं तेवढेच दिसतात. जास्त खेळायचं असेल तर त्यांना वडिलांची परवानगी मागावी लागते, आणि तो निरोप माझ्या मोबाइलवर येतो. गेल्या महिन्यात असा योग आला की माझा रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता आणि त्यांचा अर्ध्या तासाचा अर्ज माझ्या खिशात. दोन्ही अर्ज एकाच दिवशी मंजूर झाले. चूक दुरुस्त करायची सोय नाही असं नाही, पण त्यासाठी त्यांना कुटुंबातून काढावं लागेल, आणि एकदा काढलं की ती जागा वर्षभर रिकामीच राहते, असा नियम आहे. सुपरवायझरांनी यावर दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, राहू दे. अस्वल त्यांना आवडायला लागलं आहे.

घरी मात्र हे प्रकरण माझ्या चांगलंच अंगाशी आलं. एकदा मोबाइल ओट्यावर राहिला, मी जिन्यातला बल्ब बदलत होतो, आणि निरोप आला की तुमचं मूल आणखी अर्धा तास मागत आहे. आमची लेक सव्वीस वर्षांची, सहाशे किलोमीटरवर. तुझ्या भावजयीने हातातला डाव खाली ठेवला, मला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं की हे मूल कुणाचं. मी म्हटलं, सुपरवायझर. खरं उत्तर असूनही ते ऐकायला बरं वाटत नाही, हे माझ्याही लक्षात आलं. शेवटी मला तिच्यासमोर फोन लावावा लागला, स्पीकरवर. पलीकडून ते फार नरमाईने म्हणाले, "वहिनी, फक्त अर्धा तास." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता मुद्द्यावर येतो. मी, तुझी भावजय, सुपरवायझर, स्टोअरवाला आणि लांब्या मिळून पाच झाले. सहावी जागा शिल्लक आहे. लांब्याचा मेव्हणा ती मागतो आहे, पण मी अजून हो म्हटलेलं नाही. ती तू घे.

नको म्हणायच्या आधी ऐक. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन तुझ्या भावजयीला आला होता. (त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी फार भीतभीत केला.) त्या म्हणाल्या की तू पेपर बंद केलास. बाकी काही त्या बोलल्या नाहीत, पण मला तेवढं पुरलं. सकाळच्या पेपरातलं शब्दकोडं तू आणि भाऊजी मिळून सोडवत होता, आडवे शब्द त्यांचे आणि उभे तुझे. मी तुमच्याकडे राहिलो की मला कुणी पेन्सिलसुद्धा द्यायचं नाही. भाऊजींना जाऊन अकरा महिने झाले, आणि या अकरा महिन्यांत तुझ्याशी काय बोलावं हे मला सुचलेलं नाही, ही खरी गोष्ट आहे. तू अडतीस सेकंदांत फोन ठेवतेस तेव्हा मला वाईट वाटतं आणि सुटल्यासारखंही वाटतं, आणि त्याचं आणखी वाईट वाटतं.

आपल्याला समोरासमोर बसून बोलायची सवयच नाही गं. आईबाबांच्या लॉन्ड्रीत आपण काय बोललो असू ते चादरींच्या घड्या घालताना. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या, ताणायची, झटकायची आणि घडी घालत एकमेकांकडे चालत यायचं. नापास झाल्याचं मी पहिल्यांदा तुला सांगितलं ते असंच चालत येताना. तूही भाऊजींबद्दल सांगितलंस ते एका डबलबेडच्या चादरीच्या पलीकडून, आणि जवळ येईपर्यंत लाजून विषय बदललास. हात गुंतलेले असले की आपल्याला बोलता येतं. रिकाम्या हातांनी आपण दोघंही मुके.

तर असा एक गेम निघाला आहे. दोन माणसं असतात आणि एका घरातलं सामान दुसऱ्या घरात न्यायचं असतं. कपाट, पलंग, टेबल. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि अरुंद जिन्यातून वळवायचं. एकाने सोडलं की सामान आपटलं. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी, कानाला आवाजाची सोय लावलेली. मारामारी नाही, घाई नाही. मला तो सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळाला, अगदी पदरात पडल्यासारखा. पण घरी आणून बघतो तो हा गेम एकट्याने सुरूच होत नाही. तुझ्या भावजयीने एक पलंग उचलून पाहिला आणि म्हणाली, दिवसभर हॉस्पिटलात हेच करते. म्हणजे तू आली नाहीस तर ते अर्धे पैसेही पाण्यात. माझी नड म्हणून ये. तुला एक पैसा पडणार नाही.

जास्त काय लिहू. थोरांत तूच आहेस, म्हणून नमस्कार तुला. लहानांत सुपरवायझर, त्यांना आशीर्वाद मी रोज साडेआठला देतोच.

तुझा,
धाकटा

ता. क. सुपरवायझरांनी नवा डबा घेतला, जुना त्यांनी तुझ्यासाठी दिला आहे. लांब्या गुरुवारी तुमच्या गावी एका लिफ्टच्या कामाला येतो आहे, तो टीव्हीला जोडून देईल. त्याला दारातूनच परत पाठवू नकोस, आणि कुठल्याही गोष्टीचा शेवट विचारू नकोस, लगेच सांगतो.

ता. क. दोन. एकदा कुटुंबात आलं की वर्षभर स्वतःहून बाहेर पडता येत नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं.

ता. क. तीन. हे मी लिहिते आहे, यांची बायको. वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, आणि मी वाचलं. तुमच्यापाशी खोटं चालत नाही म्हणून सांगते. तो गेम यांना सेलमध्ये मिळालेला नाही. निघाला त्याच दिवशी, पूर्ण किमतीला घेतला, आणि एक नव्हे, दोन. फुकटच्या सोयीत एकच गेम दोघांना एका वेळी खेळता येत नाही, म्हणून दुसरा तुमच्यासाठी. हे टीव्हीतलं नव्हे, खरं दुकान, आणि दुकानदार ओळखीचा आहे. तो स्वतःहून म्हणाला की काका, तुम्ही कसे काय आज, चार महिने थांबलात तर अर्ध्यात देतो. हे म्हणाले, "माझी बहीण तिकडे एकटी आहे, चार महिने थांबायचं कसं?" मी लग्नानंतर पहिल्यांदा यांना सुटे पैसे न मोजता खिशात टाकताना बघितलं. शनिवारी चार वाजता हे कपाटाचं एक टोक धरून बसणार आहेत.